‘ज्वालामुखी’, ‘ट्रॅप’ आणि दख्खनची भूमी

सह्याद्रीची शिखरे म्हणजे विझलेले ज्वालामुखी होत, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. ‘ज्वालामुखी’ या शब्दानेच ती पोसली आहे. तो उच्चारताच आग ओकणारे मुख असलेला पर्वत डोळ्यांपुढे उभा राहतो. दख्खनची हकीकत निराळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हारस मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. त्याने शिखरे उभारली नाहीत. पूर्वीची दऱ्याखोरी बुजवून थरावर थर चढविले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. उद्रेकांनी घडविले ते पठार; त्यातून डोंगर कोरले ते पुढे वाहत्या पाण्याने.

या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नाव स्वीडिश भाषेतील जिनावाचक ‘त्राप्पा’ या शब्दावरून आले. डब्ल्यू. एच. साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते या प्रदेशाशी निगडित झाले. नाव अन्वर्थक आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. घट्ट भागाचे कडे होतात. सच्छिद्र भाग लवकर झिजून सपाटी उरते.

हाच भेद मराठीने आपल्या गरजेपुरता टिपला आहे. विहीर खणणारा कठीण ‘काळवत्री’ आणि मऊ ‘मांजऱ्या’ वेगळे ओळखतो, कारण पाणी लागणे त्यावर अवलंबून असते. दुर्गांच्या परिभाषेत तोच भेद ‘कडा’ व ‘माची’ या शब्दांनी व्यक्त होतो. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि त्यांच्यावर उठलेला बालेकिल्ला ही या पायऱ्यांचीच रचना होय.

शब्दाने निर्माण केलेली अपेक्षा शास्त्रीय निर्णयावरही सावली टाकू शकते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १·८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टच्या प्रदेशात असल्याने दीर्घकाळ ज्वालामुखीचे मुख मानले गेले. ते उल्काघाताने झाले, याचे सबळ पुरावे १९७३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या भूमीवर लाव्हारसाचे एवढे थर साचले, तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध ‘मुख’ ज्वालामुखीचे नव्हतेच. दख्खनचा भूगोल वाचताना म्हणूनच मुखाचा शोध घेण्यापेक्षा पायऱ्या मोजणे अधिक फलदायी ठरते.