निसर्ग: ढगाखालचे छत्तीस तास

२ जून २०२०, दुपारी १२
अरबी समुद्रातल्या अतितीव्र कमी दाबाच्या क्षेत्राचं चक्रीवादळ झालं. बांगलादेशने सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणचे कारखाने करोनाच्या टाळेबंदीनंतर नुकते कुठे सुरू होत होते. घाटावरच्या या भागात जुनी समजूत होती: वादळ सह्याद्रीला थडकून मोडतं.

संध्याकाळी ६
हवामान खात्याचे डोळे उपग्रहात आहेत. इन्सॅटची छायाचित्रं सतत येतात, पण त्यांत दिसतो ढगांचा माथा. माथ्याच्या आकारावरून खालच्या वाऱ्याचा जोर ठरवायचा, ही ड्व्होराक पद्धत. ती अनुभवाने घासूनपुसून पक्की झालेली आहे, तरीही तो अंदाजच. मायक्रोवेव्हने समुद्रपृष्ठाचा वारा मोजणारा आपला तेव्हाचा स्कॅटसॅट-१ एका जागेवरून दिवसातून फार तर दोनदा जायचा, आणि मुसळधार पावसात त्याचा संकेत गढूळ व्हायचा.

रात्री १०
अटलांटिकमध्ये असतं, तर एव्हाना विमान वादळात शिरलं असतं. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचं विमान साधारण ३ किलोमीटर उंचीवरून वादळाच्या डोळ्यातून आरपार जातं. विमानाखालचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर समुद्राकडे काहीही सोडत नाही, तो फक्त ऐकतो. वारा वाढला की लाटा फुटून फेस पसरतो आणि फेसाळ पाणी जास्त मायक्रोवेव्ह ऊर्जा बाहेर टाकतं. यंत्र सहा वारंवारतांवर ती मोजतं. पावसाचा परिणाम प्रत्येक वारंवारतेवर वेगळा असतो, म्हणून पाऊस आणि वारा वेगळे काढता येतात. सोबत ड्रॉपसोंड सोडतात: छत्रीला लटकून खाली येताना ते दाब, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतं. १९८० च्या ‘ॲलन’ वादळात या रेडिओमीटरची सुरुवात झाली. तैवान २००३ पासून विमानातून ड्रॉपसोंड टाकतो. अरबी समुद्रावर त्या रात्री असं एकही विमान नव्हतं.

३ जून, पहाटे ५.३०
वादळ ‘तीव्र’ झालं. इथे खात्याचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं: इशारा वेळेत गेला, एनडीआरएफच्या तुकड्या पोहोचल्या, किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली.

सकाळी ११
मोजायची संधी आता तास-दीड तासाची. जमिनीवर फेस नाही, तिथे हा रेडिओमीटर आंधळा. वाऱ्याचा पट्टा किती रुंद, कोणत्या बाजूला जोर जास्त, हे समुद्रावरच टिपावं लागतं. घाटावरच्या खेड-मावळच्या तहसील कचेरीला हीच माहिती हवी असते. केंद्राचा मार्ग नकाशावर कळून तिचं भागत नाही.

दुपारी १२.३० ते २.३०
अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या होत्या त्या.

संध्याकाळी ५.३०
‘तीव्र’ हे विशेषण गळालं, पण चक्रीवादळ कायम होतं, आणि ते सह्याद्री चढून आलं होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये झाडं पडली. मावळात पॉलिहाउस फाटले. चाकणच्याच खेड तालुक्यात वहागावला घराच्या पडझडीत एक वृद्धा गेली.

मध्यरात्र
वादळाचं पुन्हा अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र झालं. पहाटेपर्यंत ते आणखी विरून पश्चिम विदर्भाकडे सरकलं.