रद्दीतला वारसा

पुण्यात पुस्तक शोधायचे म्हणजे पाय आपोआप अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. चौकाला नाव पेशवाईतल्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे. त्यांचे वडील बळवंतराव १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेत पडले. आज इथे गर्दी असते ती पाठ्यपुस्तकांसाठी. आपले लेखक हवे असतील तर जुन्या पुस्तकांचे ढीगच उपसावे लागतात.

आपले म्हणजे कोण? सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद, शाहीर अमर शेख, 'इंधन'कार हमीद दलवाई. नव्या दुकानात "आवृत्ती संपली" हे उत्तर किती वेळा ऐकायचे!

अशाच एका ढिगात मला 'इंधन'ची जुनी प्रत मिळाली. पहिल्या पानावर शाईने लिहिलेला सदाशिव पेठेतला पत्ता, समासात पेन्सिलीच्या खुणा. कोकणातल्या मुसलमान घरांची ही कहाणी कुणीतरी पेठेत बसून थांबत थांबत वाचली होती. दलवाईंनी १९७० मध्ये याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांच्याशी आपले मतभेद असोत. पण मराठी मुसलमानाचे जग त्यांनी पेठेतल्या कपाटापर्यंत नेले, हे त्या खुणाच सांगतात.

आपल्या घरांतले काय? अब्बा गेले की त्यांची मराठी-उर्दू पुस्तके किलोवर जातात. इतिहास फक्त दफ्तरखान्यात राहत नाही, घरच्या कपाटातही राहतो. म्हणून रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान तेवढे उघडून पाहा.