डब्यातला वारा

संगणकाचा इतिहास सांगताना गणनाचा इतिहास सांगितला जातो. त्या गणनामुळे निर्माण होणारी उष्णता वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा सहसा कोणी सांगत नाही. ज्यांनी आपले प्रबंध गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टेबलाखालच्या पेटीवर टंकले, त्यांच्या कानांत मात्र त्या वाऱ्याची घरघर अजून असेल. लेखनसाधनाची उपेक्षा करून लेखनाचा विचार पुरा होत नाही, हे निदान बीड जिल्ह्यात तरी वेगळे सांगावयास नको. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी कापडावर लिहिलेली आहे, आणि तिचा विचार करताना कापड विसरता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका क्षुल्लक वाटणाऱ्या दुरुस्तीचा विचार करीत आहोत: संगणकाच्या जुन्या एसएमपीएसमधील मंडल काढून ते मोठ्या पंख्याच्या, कमी आवाजाच्या डब्यात बसविणे.

या जिल्ह्यात वीज तयार होते आणि याच जिल्ह्यात ती जातेही. परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ सालचा. १९८० च्या दशकात तेथे २१० मेगावॅटचे संच आले. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत परळीच्या धुराड्यांची छाया ज्या गावांवर पडे, तीही अंधारातच असत. गेलेली वीज परत येते ती पुष्कळदा उसळी मारून, आणि त्या उसळीचा पहिला तडाखा बसतो एसएमपीएसला. त्यामुळे दुरुस्तीच्या दुकानांत अशा निकामी डब्यांची चळत लागे. कोणाचे मंडल जळालेले पण पंखा धड, तर कोणाचे मंडल धड पण पंखा कण्हणारा. आमच्या विषयाचा जन्म या चळतीतला आहे.

तत्पूर्वी हा डबा मुळात असा का घडला, ते पाहावे लागेल. जुन्या वीजपुरवठ्यात लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. एसएमपीएसने २३० व्होल्टच्या प्रवाहाचे आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर केले, मग सेकंदाला हजारो वेळा त्याचे तुकडे केले, आणि त्यामुळे मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरेसा झाला. १९७७ च्या ‘ॲपल २’ साठी रॉड होल्ट यांनी याच पद्धतीचा पुरवठा रचला आणि पंख्याला रजा दिली. स्टीव्ह जॉब्ज यांना यंत्र निःशब्द हवे होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ६३.५ वॅटचा पुरवठा होता आणि त्याला पंखा होता. पुढची वाट आयबीएमची ठरली. इंटेलने १९९५ साली ‘एटीएक्स’ मानक आणले. डब्याची उंची ८६ मिलिमीटर रूढ झाली. म्हणजे मागच्या भिंतीत ८० मिलिमीटरहून मोठा पंखा मावणेच शक्य नव्हते. आमच्या मते संगणकाच्या गोंगाटाचे मोठे कारण या एका आकड्यात दडलेले आहे. लहान पंख्याला तेवढाच वारा देण्यासाठी जोरात फिरावे लागते. १२० मिलिमीटरचा पंखा मावतो तो डब्याच्या रुंद बाजूवर, पण हे सर्वत्र दिसू लागण्यास नवे शतक उजाडावे लागले.

हिशेब सोपा आहे. एकसारख्या घडणीच्या पंख्यांत हवेचे प्रमाण व्यासाच्या घनाबरोबर व फेऱ्यांबरोबर वाढते. व्यास दीडपट झाला की घन सुमारे ३.४ पट होतो. तेव्हा मिनिटाला २४०० फेऱ्यांचे काम ७०० फेऱ्यांत होते. मात्र त्या गतीला वाऱ्याचा दाब पाचव्या हिश्शावर येतो, आणि दाटीच्या ठिकाणी असा मंद वारा शिरत नाही. नुसता पंखा बदलून निर्धास्त होणाऱ्यांचे मंडल भाजते ते यामुळेच.

प्रत्यक्ष काम कसबाचे आहे. जुन्या मंडलातील ॲल्युमिनियमच्या उष्णतावाहक पट्ट्या मागच्या पंख्याकडे तोंड करून उभ्या असतात; मोठा पंखा त्यांच्या डोक्यावर येतो, त्याची जाडी २५ मिलिमीटर, आणि पट्ट्या उंच असतील तर पाती त्यांना घासतात. स्क्रूंची भोके जुळत नाहीत, नवी पाडावी लागतात; पाडताना उडालेला लोखंडाचा कीस मंडलावर राहिला तर पहिल्याच कळीला धमाका. मंडलाखालचा प्लॅस्टिकचा पत्रा जुन्या डब्यात विसरून चालत नाही. अर्थिंगची हिरवी तार नव्या डब्याच्या धातूला, रंग खरवडून, घट्ट कसावी लागते. ती सुटी राहिली तर पेटीला हात लावणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आणि सर्वांत आधी, वायर काढल्यावरही दोन मोठ्या कपॅसिटरांत मिळून ३२५ व्होल्टपर्यंतचा भार शिल्लक असू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने तपासल्याशिवाय जाणकार आत बोट घालत नाही.

या कामाला ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस तो शब्द अपुरा वाटतो, कारण त्यात निष्काळजीपणाचे कौतुक आहे, आणि इथे निष्काळजीपणाला क्षमा नाही.

कामाला मर्यादाही आहेत. २००० साली पेन्टियम ४ च्या सुमारास १२ व्होल्टची चौपिनी जोडणी आली. त्याआधीचा पुरवठा कितीही शांत केला तरी पुढच्या यंत्रांना तो पुरत नाही. शिवाय जुन्या मंडलात येणाऱ्या विजेचा चौथा ते तिसरा हिस्सा उष्णता होऊन जातो, तो पंखा बदलल्याने वाचत नाही. फक्त कमी आवाजात बाहेर पडतो. परळीतही कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, उरलेला धुराड्यातून आणि पाण्यातून जातो. २०१३ च्या दुष्काळात ते पाणीच संपले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. तिथे उष्णता नेणारे पाणी नव्हते. इथल्या टेबलाखाली वारा होता, पण धूळही होती. रुंद बाजूचा मोठा पंखा ती धूळ थेट मंडलावर ओढतो, म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी डबा उघडून रंगाच्या कोरड्या कुंचल्याने तो झाडून घ्यावा लागतो.