अजब बंगला आणि 'हात लावू नका'

विदर्भातल्या कुणालाही 'सेंट्रल म्युझियम कुठे आहे?' असं विचारा, क्षणभर गोंधळेल. 'अजब बंगला' म्हणा, की लगेच सिव्हिल लाइन्सचा रस्ता दाखवेल. नागपूरचं हे संग्रहालय १८६३ चं. तेव्हाचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या कारकिर्दीतलं. सरकारी पाटीवरचं नाव काहीही असो, लोकांनी बारसं वेगळंच केलं. आणि हे फक्त नागपुरात झालं नाही. कलकत्त्याचं १८१४ चं इंडियन म्युझियम म्हणजे 'जादूघर', लाहोरचं 'अजायबघर'. तीन शहरं, तीन भाषा, पण बारशाचं नाव जवळपास एकच!

आता गंमत बघा. साहेबाला 'अजब' वगैरे काही नको होतं. त्याला हवी होती यादी. कुठल्या तालुक्यात कापूस कसा होतो, लाकूड कोणतं, खनिज कोणतं, कारागीर काय बनवतात, तिथे कोणत्या जमाती राहतात. १८६५ साली नागपुरात जे मोठं प्रदर्शन भरलं, तेही कला, कारागिरी आणि शेतमालाचंच. आपल्या भाषेत सांगायचं तर म्युझियम म्हणजे साहेबाचा डेटाबेस होता, आणि जनतेला अ‍ॅक्सेस होता फक्त 'रीड-ओन्ली'. बघा, लेबल वाचा, शहाणे व्हा आणि पुढे चला. लोक मात्र यायचे ते थक्क व्हायला. साहेबाला हा लोकांचा अडाणीपणा वाटायचा. मला वाटतं, लोकांचंच बरोबर होतं. संग्रहालयात शिरताना चार वर्षांच्या पोराचं जे होतं, तेच त्यांचं होत होतं.

चार वर्षांच्या पोराला लेबल वाचता येत नाही. त्याचा 'यूजर इंटरफेस' म्हणजे त्याचे हात. आणि नेमकं तेच आपण दारातच बंद करतो. हात लावू नकोस, पळू नकोस, मोठ्यांदा बोलू नकोस. मग ते पंधराव्या मिनिटाला 'भूक लागली' म्हणतं, यात त्याची काय चूक?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी (म्हणजे कवी अज्ञातवासी) आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे, वाद्यं गोळा केली. अकाली गेलेला मुलगा राजा, त्याचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. वीसेक हजार वस्तू! त्यातल्या बहुतेक रोज हाताळायच्याच. पण एका लहान मुलाच्या नावानं उभ्या राहिलेल्या या घरातही त्या काचेआडच ठेवाव्या लागतात. जुन्या वस्तूंना हजारो हात सोसत नाहीत, हेही खरंच. तो गुंता सोडवायला जगाला बराच वेळ लागला.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली खास मुलांसाठी म्हणून संग्रहालय उघडलं. ते जगातलं पहिलं मानतात. पण खरा धक्का दिला मायकल स्पॉकने. (बालसंगोपनावरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे डॉ. स्पॉक, त्यांचा हा मुलगा.) त्याला स्वतःला लहानपणी वाचायला फार जड जायचं, डिस्लेक्सिया होता. १९६२ साली तो बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचा प्रमुख झाला आणि रोजच्या वापरातल्या वस्तू कापून 'आत काय आहे?' असं प्रदर्शनच मांडलं त्याने. मुलांनी हात घालावा म्हणून मांडलेलं. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमरने 'एक्सप्लोरेटोरियम' काढलं, तेही त्याच वाटेवरचं. लेबलाला शरण न जाणारी माणसं होती ही.

आपल्याकडे ही हवा आधी विज्ञानाच्या खिडकीतून आली. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. त्या साली मुंबईत वरळीला नेहरू सायन्स सेंटरचं सायन्स पार्क झालं, १९८५ ला पूर्ण केंद्र. नागपूरचं रामन विज्ञान केंद्र १९९२ चं. यवतमाळच्या एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल तिथेच गेली. कलेची दारं उघडायला मात्र अजून उशीर लागला. भायखळ्याचं १८७२ चं संग्रहालय, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड, डागडुजी होऊन २००८ साली पुन्हा उघडलं. तिथे मुलांना जुन्या मातीच्या प्रतिकृती दाखवून मग स्वतःच्या हातांनी काहीतरी करू देणाऱ्या कार्यशाळा होऊ लागल्या. २०१५ साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने एक बसच संग्रहालय म्हणून रस्त्यावर आणली, आणि २०१९ मध्ये आवारात वेगळं बालसंग्रहालय उघडलं. तिथल्या पहिल्या प्रदर्शनासाठी वस्तू निवडल्या त्या मुलांनीच.

हे सगळं झकास. पण यवतमाळहून नागपूर दीडेकशे किलोमीटर, आणि मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. मग वणी, पुसद, पांढरकवड्याच्या पोरांनी काय करायचं?

इथे मला तान्हा पोळा आठवतो. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. नागपूरकर भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. चाकांवरचा लाकडी बैल, त्याला रंग, झूल, बेगड, शिंगांना गोंडे. सजवायचा पोरांनीच. मग सगळे बैल एका ओळीत उभे, मोठी माणसं वाकून बघणार, उत्तम सजावटीला बक्षीस, आणि घरोघरी फिरून बोजारा वसूल! आता यात काय नाही सांगा? प्रदर्शन आहे, परीक्षक आहेत, प्रेक्षक आहेत. फक्त काच नाही, आणि कलाकार पाच वर्षांचा आहे. ज्याला आज 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतात ते आपल्या पोरांच्या हातात कधीपासून आहे.

आणि एक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संग्रहालयं बांधणाऱ्यांनी गोंड, कोलाम, बंजारा यांच्या वस्तू 'जमातींचे नमुने' म्हणून मांडल्या. कोलाम पोडावरच्या पोराला तिथे कपाटात काय दिसतं? आजीची टोपली. ती कपाटात का ठेवलीय आणि खाली आपल्याबद्दल काय लिहिलंय, हे त्याला कुणी समजावत नाही. त्याऐवजी तीच टोपली वर्गाच्या मधोमध ठेवली, सगळ्यांनी हाताळली, आणि 'हा बांबू कसा चिरतात?' असं त्यालाच विचारलं तर? त्या तासापुरता तो नमुना राहत नाही, जाणकार होतो. बंजारा तांड्यावरच्या मुलीचं आणि आरशांच्या भरतकामाचंही तसंच. मुलांना कलादालनात न्यायचं ते यासाठी. आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, कोण दाखवणारा आणि कोण दाखवला जाणारा, हे माणूस फार लहानपणी शिकतो.

तेव्हा मंडळी, सुट्टीत पोरांना घेऊन अजब बंगल्यात किंवा भायखळ्याला जाल तेव्हा अख्खं म्युझियम 'कव्हर' करायच्या फंदात पडू नका. तीन वस्तू पुरे. खाली फरशीवर बसा, कागद-खडू द्या, चित्र काढू द्या. लेबल वाचून दाखवायच्या आधी 'हे काय असेल?' विचारा आणि येईल ते उत्तर हसू न दाबता ऐका :-) पाऊण तासात बाहेर पडा. रडून बाहेर काढावं लागलं तर समजा, जमलं!

आणि गावाकडे असाल तर शाळेची एक खोली आणि घरोघरच्या वीस वस्तू, सूप, अडकित्ता, घुंगरमाळ, गोधडी, एवढ्यावर सुरुवात होते. पाटी मात्र एकच लावा: 'कृपया हात लावा'.