नोंदवहीतील अनाहूत

दप्तर म्हटले की रुमालात बांधलेले जुने कागद डोळ्यांपुढे येतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. असेच एक दप्तर आज घरगुती वेब सर्व्हरमध्येही लिहिले जाते. कोणत्या पत्त्यावरून, केव्हा, कोणत्या पानाची मागणी आली आणि तिला काय उत्तर मिळाले, हे तो संगणक ओळीमागून ओळ टिपून ठेवतो.

भिलाईचे उदाहरण घ्यावे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी या पोलादनगरीत रशियन तंत्रज्ञ राहत होते. आज तेथील एखाद्या गृहस्थाने घरच्या सर्व्हरवर कौटुंबिक छायाचित्रे ठेवावीत, आणि महिनाअखेरीस आकडेवारीत रशियातून आलेल्या शेकडो मागण्या दिसाव्यात, तर कोणा जुन्या अभियंत्याच्या घरी भिलाईची आठवण निघाली असावी, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जे अनुमान गोड वाटते, तेच इतिहासात आधी पारखून घ्यावे लागते.

ही पारख २००१ साली सर्वांनाच करावी लागली. त्या वर्षीच्या जुलैत ‘कोड रेड’ नावाचा संगणकी किडा जगभर पसरला. १९ जुलै रोजी चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधील एका दोषातून तो आत शिरे. त्या दोषावरचा उपाय १८ जूनलाच उपलब्ध झाला होता. पण अनेकांनी तो योजलाच नव्हता. समोर सर्व्हर कोणता आहे हे न पाहताच हा किडा दारे ठोठावी. त्यामुळे ‘अपाचे’ वापरणाऱ्यांच्या वह्यांतही ‘डिफॉल्ट डॉट आयडीए’ या नसलेल्या फायलीची मागणी पुनःपुन्हा उमटली, आणि तिच्यापुढे ४०४ हा आकडा, म्हणजे ‘सापडले नाही’. या मागण्यांमागे कोणी वाचक नव्हता. ज्या संगणकावरून त्या येत, त्याच्या मालकालाही बहुधा त्यांची वार्ता नसे.

पुढे २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ या साधनाने चौथ्या आवृत्तीचा सारा पत्ताविस्तार ४५ मिनिटांच्या आत धुंडाळून दाखविला. असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. मग भिलाईतले एक घर त्यातून कसे सुटावे?

म्हणून नोंद वाचताना देशाचे नाव शेवटी पाहावे. आधी पाहावे ते मागितलेले पान. जे घरात कधी नव्हतेच, ते मागणारा स्नेही नव्हे. मग पाहावे ते उत्तर. ४०४ असेल तर मागणारा रिकाम्या हाती परतला. २०० असेल तर आतून काहीतरी बाहेर गेले, ते काय याचा शोध त्याच दिवशी घ्यावा. पत्त्यावरून फार तर जाळे कोठले ते कळते. माणूस कळत नाही. दार ठोठावणाऱ्यांची संख्या ही पाहुण्यांची संख्या मानली, तर वही खरी असूनही तिचा इतिहास खोटा लिहिला जाईल.