वाहते पाणी, साठलेले पाणी

दुष्काळ आणि डेंग्यू ही जोडी प्रथमदर्शनी विसंगत वाटते. डास पाण्यात वाढतात; मग जिथे पाण्याचाच दुष्काळ, त्या मराठवाड्यात त्यांचे काय काम? याचे उत्तर आम्हाला छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाण्याच्या इतिहासात सापडते.

मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि पुढच्या दशकात नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बंदिस्त मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरात येई. अठराव्या शतकातली पाणचक्कीही अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरली. घरोघरी हौद-रांजण तेव्हाही होते, डासही असतीलच. पण पाणी मुळात वाहते होते.

१९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. शहराची तहान पन्नासएक किलोमीटरवरच्या पैठणहून पाणी उपसून भागू लागली. चिकलठाणा, वाळूज येथील उद्योगांमागोमाग वस्ती वाढली, जलवाहिन्या मात्र अपुऱ्या पडल्या. नळ दिवसाआड, मग कित्येक दिवसांआड येऊ लागला. ज्याला जमेल त्याने टाकी बांधली, बाकीच्यांनी दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे ड्रम दारात उभे केले. टंचाईनेच घराघरांत तळी निर्माण केली, असे म्हणावे लागते.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला असेच स्वच्छ, स्थिर पाणी लागते. इथे आपली जुनी समजूत आड येते. निजामाच्या राज्यातल्या सिकंदराबाद छावणीत १८९७ साली रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. तेव्हापासून डास म्हटले की आपल्याला डबकी आणि गटारे आठवतात. प्यायच्या पाण्याचा ड्रम कोणाला संशयास्पद वाटत नाही.

अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नळ आठवड्याने येत असेल, तर हे गणित भयंकर जुळते. शिवाय अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही. तो आतून घासावा लागतो.

आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण उद्या नळ येईल की नाही याची खात्री नसलेल्या बाईने अर्धा ड्रम ओतून द्यावा, ही अपेक्षा आम्हाला निर्दय वाटते. दोष तिच्या अज्ञानाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. नळ येण्याचा दिवस आधी पक्का कळला, तर पाणी भरण्यापूर्वी तळाशी उरलेल्या दोन तांब्यांत ड्रम घासता येतो आणि भरल्यावर तोंडाला घट्ट फडके बांधता येते. म्हणजे जनजागृतीच्या फलकाइतकीच पाणीपुरवठ्याच्या वेळेची सूचना डेंग्यूविरुद्ध कामाची आहे. फवारणीचा धूर उडते डास मारतो; ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. हा डास दिवसा चावतो. तेव्हा दुपारी निजलेल्या लेकरालाही मच्छरदाणी हवी. आणि ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये; त्याने रक्तस्राव वाढू शकतो.