एक पुस्तिका आणि कुत्र्यांचे जंत

आइसलँड हा मेंढ्यांचा देश. एकोणिसाव्या शतकात तिथे मेंढपाळाच्या घरी कुत्रे असायचेच. आणि माणसांच्या यकृतात पाण्याने भरलेल्या मोठमोठ्या गाठी होत. कित्येक माणसे त्याने दगावत. यालाच हायडॅटिड म्हणतात.

1863 साली हाराल्ड क्राबे हे डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी 100 कुत्र्यांची शवविच्छेदने केली. 28 कुत्र्यांच्या आतड्यांत जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी सापडला. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. ती मेंढीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात, फुप्फुसात गाठी धरतात. मेंढी कापली की ती वजडी कुत्र्यापुढे टाकायची. झाले चक्र पूर्ण! कुत्र्याला कुरवाळलेला हात न धुता तोंडाशी नेणारा माणूस यात सापडतो.

तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. मग क्राबे यांनी काय केले? सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. 1864 मध्ये ती आइसलँडमध्ये घरोघरी फुकट वाटली गेली. तिथे बहुतेकांना वाचता येई. हिवाळ्याच्या लांब रात्री एकाने वाचायचे व बाकीच्यांनी हातातले काम करत ऐकायचे, अशी रीतच होती. 1869 मध्ये कायदाही झाला. पुढे मेंढ्या कोवळ्या वयात कापल्या जाऊ लागल्या, त्याचीही मदत झाली. विसाव्या शतकात हा रोग तिथून नाहीसा झाला.

न्यूझीलंडची गोष्ट उलट. तिथे 1938 पासून कुत्र्यांच्या मालकांना ॲरेकोलिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. ॲरेकोलिन म्हणजे आपल्या सुपारीतलाच अंश! पण कच्ची वजडी घालणे थांबले नाही, आणि रोगही हटला नाही. 1959 च्या कायद्यानंतर कडक देखरेख सुरू झाली, तेव्हा कुठे यश आले. 2002 मध्ये तो देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आज प्राझिक्वांटेलची गोळी आहे. तिने हा कृमी मरतो. पण चार दिवसांनी कुत्र्याने पुन्हा कच्ची वजडी खाल्ली, तर काही आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात.

आपल्याकडे हा रोग गुरांत, शेळ्यामेंढ्यांत आणि माणसांतही आहे. खाटकाच्या दुकानामागे कुत्र्यांचा घोळका आपण रोज पाहतो. तिथे टाकलेली वजडी खोल पुरणे किंवा जाळणे, कुत्र्याला द्यायचीच तर चांगली शिजवून देणे, मुलांनी जेवणापूर्वी हात धुणे, एवढेच करायचे आहे. आइसलँडच्या शेतकऱ्यांनी ते एका पुस्तिकेवरून शिकून घेतले. आपल्या शाळांतून हे शिकवायला काय हरकत आहे?